लाँड्रीतला तपकिरी कोट

आमच्या गल्लीतली लाँड्रीवाली मावशी नात्याने कोणाचीच मावशी नाही, त्यामुळे सगळ्यांना चार शब्द सुनावायचा हक्क तिला आपोआप मिळाला आहे. लोक कपडे टाकतात आणि विसरतात. वर्षभर वाट पाहून मावशी ते उसने देऊ लागते. फुटपाथवर झोपणारा कोणी काम मागायला निघाला, की आधी तिच्या मोरीत आंघोळ, मग कडक इस्त्रीचा शर्ट. "कपडा अंगावर फिरला की कसर लागत नाही," असं ती म्हणते. माणसांबद्दलही तिचं मत साधारण हेच आहे.

परवा एक रखवालदार आला. साहेबांचा कोट चोरल्याच्या संशयावरून गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर जिन्याखालची खोलीही. तेव्हापासून मुक्काम एका बंद दुकानाच्या पायरीवर. कुठेही काम मागायला गेला की पहिला प्रश्न ठरलेला : आधीचं का सुटलं?

"कसला होता रे कोट?"

"तपकिरी. कोपरावर रफू."

मावशीने काठीने वरच्या दांडीवरचा एक कोट खाली उतरवला. तपकिरी. कोपरावर रफू. कॉलरच्या आत शाईने केलेली साहेबांच्या बंगल्याची खूण. रखवालदाराने ती लगेच ओळखली.

"साहेब स्वतः टाकून गेलेत. घाल."

"हा घालून जाऊ कुठे?"

"कुठे म्हणजे? साहेबांकडे."

"मावशी, बांधून ठेवतील मला!"

"चोरलेला कोट इस्त्री करून कोणी मालकाच्या दारात मिरवत नाही. एवढी अक्कल साहेबांना नसली तरी बाईसाहेबांना आहे. चल, मी येते."

दार साहेबांनीच उघडलं. "बघा! माझा कोट! सांगत नव्हतो?"

"तुमचाच," मावशी म्हणाली. "टाकताना 'उद्या नेतो' म्हणालात. मी अजून उद्याचीच वाट बघतेय."

आतून बाईसाहेब आल्या. "अहो, आणि तुम्ही याला घालवलंत?" त्या 'अहो'त इतकी आदब होती, की साहेबांना घाम फुटला. जिन्याखालच्या खोलीची किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने काढून दिली. माफी मात्र ते उद्या मागणार आहेत.

रखवालदार पुन्हा फाटकाशी बसतो. कोट मावशीबरोबर परत येऊन पुन्हा दांडीवर लटकतोय, कारण तो न्यायला यायचं धाडस साहेबांना होत नाही. दरम्यान तोच घालून आणखी एक जण बेकरीत कामाला लागला.