पाच कडबोळी आणि एक कात्री

"पाच कडबोळी आणि एक कात्री. एवढंच हाय बघ ते."

बंगळुरात, हेब्बाळच्या आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला माझ्या वरिष्ठ अक्का प्लाझ्मिनची ओळख अशी करून द्यायच्या. रक्ताची गुठळी तोडणाऱ्या या एन्झाइमच्या साखळीत पाच वेटोळी खरंच असतात. पुस्तकात आणखी एक तुकडा दाखवतात, पण त्याला अक्का हिंग लावूनही विचारत नसत.

"कडबोळी गुठळीच्या जाळीला अडकत्यात, कात्री जाळी कापती," बोटं एकमेकांत गुंतवून त्या सांगायच्या. "पण कात्री मिटूनच फिरती रक्तातनं. उघडायला कोणतरी लागतंय."

एकदा मी जागं केलेलं प्लाझ्मिन बर्फाबाहेर विसरून जेवायला गेले. परत येईपर्यंत त्यानं स्वतःलाच कातरायला घेतलं होतं. आठवड्याची मेहनत पाण्यात! मी रडकुंडीला आले.

"रडतीस कशाला? मी दोनदा केलंय हे. चल, परत करूया."

असा वरिष्ठ तुम्हाला लाभला असेल, तर तुम्ही नशीबवान.

राजाजीनगरच्या त्यांच्या घरी बोलायचं काम अक्कांच्या यजमानांचं. गावाकडच्या, निपाणीच्या गोष्टी त्यांना पुरून उरत. अक्कांच्या कानाला विश्रांती म्हणून नसे.

एका सकाळी अक्कांचा फोन आला. यजमानांचं तोंड वाकडं झालं होतं आणि बोलणं पार गेलं होतं. मी रुग्णालयात पोचले तोवर स्कॅन झालं होतं. मेंदूत गुठळी होती. डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊ, पण रक्तस्रावाचा धोका आहे, सही करा.

"विरघळवत न्हाई ते," अक्का सवयीनं माझ्याकडं वळून म्हणाल्या. "नुसतं उठवतंय. कात्री ह्यांच्याच रक्तात हाय."

आणि पेन तसंच हातात राहिलं. ती कात्री भलतीकडं चालली तर काय होतं, हे त्यांना नको इतकं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही. मग त्यांनी सही केली, नाव नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत.

दुपार उलटल्यावर यजमान पुटपुटले, "ग्यास बंद केलीस काय गं?"

अक्का हसता हसता रडायला लागल्या.

आता निवृत्त होऊन दोघं निपाणीला गेलेत. इकडं प्रयोगशाळा फार गप्प झाली आहे. मी फोन केला की मागून यजमानांचं चालूच असतं.

"ऐकलीस? दिवसभर हेच," अक्का वैतागून म्हणतात, आणि फोन मुद्दाम त्यांच्या तोंडाशी नेऊन धरतात.