न चढलेला डोंगर

पुरातत्त्व खात्यासाठी जुन्या अवशेषांची नोंद करत मी ऐंशीच्या दशकात गडचिरोलीच्या जंगलात हिंडलो. आज कबूल करतो, थकलो की पायथ्याशी बसूनच ‘अवशेष नाहीत’ असं लिहायचो. मग त्या डोंगरावर खाणीला परवानगी मिळायची.

एका गावात मोहफुलं वेचणाऱ्या बाईनं मला तसं लिहिताना पकडलं. “न चढताच काय लिहून राह्यले, साहेब? डोंगर खाली येते का तुमाले भेटाले?”

मी वही मिटून तिच्यामागे निघालो. प्रत्येक वळणावरच्या ढिगावर ती एक दगड ठेवायची, मलाही ठेवायला लावायची. त्यानं वाट बुजत नाही म्हणे. वर झाडीत अख्खा दगडी दरवाजा उभा होता, कमानीवर हत्ती कोरलेला. स्वतःच बांधल्यागत कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “आता लिहा!”

धापा टाकत मी तीन पानं लिहिली. आधी खाणीत गेलेले डोंगर माझ्या माथी आहेतच. पण तिचा डोंगर अजून उभा आहे, दरवाज्यासकट.