तिनं धरलेलं बी

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं काय केलं, तर तांबड्या भाजीच्या, म्हणजे लाल माठाच्या, जुड्या बांधल्या. कोरगावच्या घराच्या खळ्यात. "अशी सैल बांधलात तर बाजारात पोचेपर्यंत सुटतली," ती म्हणाली. मी सैलच बांधल्या. सकाळी ती उठली नाही.

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "बाबा, हंय एकटे रवून काय करतलात?" घराला कुलूप लागलं. कपड्यांच्या पिशवीत तिची बियांची बाटली घातली आणि फोंड्याला त्याच्या फ्लॅटवर आलो.

कोरगावकारांनो, तुम्ही विचारता, तिथं कसं आहे? लिफ्ट आहे, पंखे आहेत. भाजी नाही. कॉलनी माळावर, बाजार लांब. कोपऱ्यावरच्या दुकानात ट्रकातून येते ती कोमेजलेली, पाणी मारून उभी केलेली. सून बिचारी कांदे-बटाटे करते. गावात मी चुलीवर भात ठेवून भाजी उपटायला जायचो. तुमच्यातले जे बाहेर गेले त्यांना हे ठाऊक असेल.

पण माझी काळजी वेगळी. कुलपाची किल्ली मुलाकडे; घर म्हणून माझ्यापाशी ती बाटली. तिनं वर्षानुवर्षं धरलेलं तांबड्या भाजीचं बी. पेरलं नाही तर जुनं होऊन मरणार, पेरून फुकट गेलं तर संपलं. आठ दिवस नुसता बाटली हातात घेऊन बसलो. शेवटी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत माती भरली आणि अर्धं बी टाकलं.

दुपारी बघतो तर मुंग्यांची रांग. एकेक दाणा उचलून भिंतीच्या फटीत. ती बियांत तांदळाचं पीठ मिसळायची. मी हसायचो, "भाकऱ्या थापतेस काय गो?" मुंग्या पीठ नेतात आणि बी राहतं, हे मला बादलीपाशी उकिडवा बसल्यावर कळलं. चाळीस वर्षं शेजारी उभा राहून मी काय बघत होतो?

जेवलो नाही. सून म्हणाली, "बाबा, परत पेरा, मी पीठ देते." तिच्यावर ओरडलो. उरलेलं सगळं परत माझ्याच हातात? ह्या हाताचा मला भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेकडे पीठ मागितलं, बी मिसळलं, कागदाच्या पुड्या बांधल्या आणि बिल्डिंगमधली दारं वाजवत सुटलो. गोड बोलणं मला येत नाही. "हे बाल्कनीत पेरा. एक झाड बियांना ठेवा, सगळी खाऊन टाकू नका." तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं पुडी उघडून हुंगली.

"कोणाची भाजी ही?"

"माझ्या बायकोची."

"आणि नाही उगवली तर, आजोबा?"

"तर मला सांगू नका," म्हटलं आणि पुढच्या दाराकडे वळलो.