रोपाला काय लागतं

आमच्या मुलीला शाळेत विचारलेल्या एका प्रश्नाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. प्रश्न साधाच होता. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, पण तो त्या प्रश्नापाशी येऊन अडकतो.

लखनऊला मी आलो तो दादाच्या मागून. दादा तिथल्या वनस्पतींच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होता. तो शिकला तेव्हा वडिलांचं किराणा दुकान मी सांभाळलं, मॅट्रिकच्या पुढची पुस्तकं मी उघडलीच नाहीत. दुकान बंद पडल्यावर मी लखनऊला गेलो, तेव्हा दादा म्हणाला, "संस्थेत माळ्याची एक जागा आहे, सांगून बघू का?" त्यानं चांगल्या मनानं विचारलं असेल. मी त्याच संध्याकाळी त्याच्या क्वार्टरमधून सामान उचललं.

छावणीच्या रस्त्यालगत जमिनीचा एक पट्टा भाड्यानं घेऊन मी रोपवाटिका काढली. गुलाब, शेवंती, क्रोटन. छावणीतल्या अफसरांच्या बायका गिऱ्हाईक. भावात त्या एक पाऊल मागे हटत नसत आणि मी अर्धं. बदली झाली की त्याच बायका वाढलेल्या कुंड्या मला परत विकून जात, आणि त्या मी नव्यानं आलेल्या बायकांना विकत असे. धंदा असा चालला.

मुलगी साडेचार वर्षांची होईपर्यंत त्या कुंड्यांमध्येच वाढली. झाडांबद्दलच्या तिच्या समजुती पक्क्या होत्या. निवडुंग रुसलेला असतो, म्हणून त्याच्याशी बोलायचं नाही. क्रोटनला भूक लागते. त्याच्या मुळाशी तिनं एकदा पेढा पुरला आणि मुंग्यांनी कुंडी ताब्यात घेतली. थंडीत दंव गोठून रोपं करपू नयेत म्हणून आम्ही त्यांच्यावर गवत पसरायचो, तेव्हा ती विचारायची, यांना उजेड पाहिजे की झोप? मी तिच्यावर खेकसायचो. मला वेळ नसायचा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरचा तो मार्च. हज़रतगंजच्या बाजूला एक इंग्रजी शाळा होती, दादाचा मुलगा तिथे जात होता. माझ्या मुलीलाही तिथेच घालायचं, हे मी ठरवलं होतं. दादानं मुख्याध्यापिकेला चिठ्ठी द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हणालो. माझी मुलगी स्वतःच्या उत्तरांवर आत जाईल, असं त्याला तोंडावर ऐकवलं.

मग महिनाभर मी तिला पढवलं. रंग, फळं, आठवड्याचे वार. शाळेत झाडांबद्दल विचारतात असं कळलं, म्हणून तेही. पानी, धूप, हवा, मिट्टी. ती बोटांवर मोजत म्हणायची आणि मिट्टीपाशी पोचेपर्यंत दुसरीकडे बघायला लागायची. बायको म्हणाली, "रोज डोळ्यांनी बघते तेच ती सांगणार. तुमचं पाठ केलेलं नाही टिकायचं." मी तिच्यावरही चिडलो.

मुलाखतीच्या खोलीत मुख्याध्यापिका आणि एक तरुण शिक्षिका होत्या. टेबलावर पाण्याच्या बाटलीत मनीप्लांटची वेल. रंग झाले, फळं झाली. माझे पाय खुर्चीखाली एका जागी राहत नव्हते. मग मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "बेटा, पौधे को ज़िंदा रहने के लिए क्या चाहिए?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"गाहक," ती म्हणाली.

"क्या?"

"गाहक चाहिए. नहीं तो मर जाता है."

तरुण शिक्षिका हसली आणि मुख्याध्यापिकेला हळूच म्हणाली, "दुकानदार की बेटी है." हळूच म्हणाली, पण मी भाव करणारा माणूस, हळू बोललेलंच मला आधी ऐकू येतं.

मुख्याध्यापिकेनं हसू दाबून मुलीला सावरायचा प्रयत्न केला. "और पानी?"

"पानी तो सबको मिलता है," मुलगी म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

मी उठून उभा राहिलो. ती असं का म्हणते ते तिला विचारा, मी म्हणालो. बाई म्हणाल्या, आप बैठिए. मी बसलो नाही. ती बाटली उचलून मी त्यांच्यासमोर धरली आणि विचारलं, तुमच्या पाठ उत्तरातली मिट्टी यात कुठे आहे? आणि तरी हे जिवंत आहे ना? बाईंनी बाटली माझ्या हातून शांतपणे घेतली, जागेवर ठेवली आणि म्हणाल्या की प्रवेशाची यादी फलकावर लागेल.

यादीत नाव नव्हतं. दोनदा जाऊन बघितलं. रिक्षात मुलीनं विचारलं, "मैं फेल हो गई?" मराठी तिला सगळी समजे, पण तोंडातून हिंदीच येई. मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करत बसलो. बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मुलगी घराजवळच्या मोहल्ल्यातल्या शाळेत गेली असती तर आभाळ कोसळलं नसतं, पण माझ्या एका बाटलीपायी तिची जागा गेली, हे दोघांनाही माहीत होतं.

रविवारी दादा आला. किस्सा त्याच्यापर्यंत पोचलाच होता. मी रोपवाटिकेत कुंड्या विनाकारण इकडच्या तिकडे करत होतो. त्यानं मुलीला जवळ घेऊन विचारलं, झाडाला गिऱ्हाईक कशाला लागतं? ती त्याला मागच्या रांगेपाशी घेऊन गेली. ही उरलेली. सगळ्यांना पानी कामावरचे भैया देतात, धूप पण सेम. पण मेमसाब ज्यांना घेऊन जातात ती मोठी होऊन परत येतात, आणि ही उन्हाळ्यात लूचा गरम वारा सुटला की सुकतात, मग पापा ढिगावर टाकतात. तिनं ढीग दाखवला.

दादा हसला नाही. वाकून त्यानं एका उरलेल्या शेवंतीची मुळं पाहिली. "लहान कुंडीत कोंडलीयेत," तो म्हणाला. "घरी नेणारे मोठ्या कुंडीत लावतात. तिनं पाहिलं ते खरं आहे. कारण चुकलंय."

"म्हणजे उत्तर बरोबर," मी म्हणालो.

"बरोबर नाही."

"अर्धं बरोबर."

"अरे, हा काय भाजीचा भाव आहे? चिठ्ठी देतो, मुकाट्यानं घे."

मला माळ्याची जागा आठवली आणि ती मी बोलूनही दाखवली. "कसली माळ्याची जागा?" दादानं गोंधळून विचारलं. त्याला ते आठवतच नव्हतं. मी इतकी वर्षं जे उराशी धरून बसलो होतो, ते त्याच्याकडे नव्हतंच. याचा राग आला, तो आधीच्याहून मोठा.

बायको कागद आणि पेन घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवून गेली. मी शेवटचा भाव सांगितला. चिठ्ठी चालेल, पण त्यात उत्तर लिहायचं. ती काय म्हणाली आणि का म्हणाली. नुसतं नाव आणि हुद्दा घालून भीक मागायची नाही.

दादानं बराच वेळ इंग्रजीत लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं. "लिहिलंय," तो म्हणाला.

सोमवारी शाळेच्या फाटकाबाहेर मी ते पाकीट हातात घेऊन येरझारा घातल्या. उजेडासमोर धरून पाहिलं. फोडून वाचायला दोन मिनिटं लागली असती, तेवढं इंग्रजी मला येत होतं. त्यात मुलीचं उत्तर असेल, किंवा नुसतं शास्त्रज्ञ काकांचं नाव. उत्तर नसलं तर मी पाकीट देणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून फोडलं नाही. चपराश्याकडे दिलं आणि मागे न बघता निघालो.

जुलैत तिला प्रवेश मिळाला. कशावर मिळाला, ते मी दादाला कधी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.