पावलांमधली चार बोटं जागा

तमाम गिऱ्हाईक, शेजारीपाजारी आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून फुकट पेपर वाचणारी मंडळी, यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की चौसाळ्यातलं एक सिंहासन कायमचं रिकामं झालं आहे. गादीला वारस नाही. शोकसभा ठेवलेली नाही, कारण ते सिंहासन म्हणजे माझेच दोन पाय आहेत आणि त्यांना अजून शिलाई मशीन चालवायचं आहे.

माझं टेलरचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. लेक अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स, जावई पुण्याला कंपनीत. नात सात महिन्यांची झाली तेव्हा लेकीची रजा संपली आणि ती पोरीला आमच्याकडं ठेवून गेली. बायको अंगणवाडीत, साडेनऊला घराबाहेर पडणारी. मग घरात राहिलं कोण? गळ्यात टेप अडकवलेला, पन्नाशी ओलांडलेला, स्वतःच्या लेकीचं लंगोट जन्मात एकदाही न बदललेला मी.

लेकीनं डायपरचा गठ्ठा दिला होता. तो बायकोनं कपाटावर टाकला आणि मला मोरीत नेऊन पाटावर बसवलं.

"पाय पुढं घ्या. आसं. आता दोनी पावलांमधी चार बोटं जागा ठिवा."

त्या जागेवर तिनं पोरीला बसवलं. पोरीची पाठ माझ्या नडग्यांना टेकलेली, दोन्ही काखांत माझे हात. ह्याला आमच्याकडं पायावर बसवणं म्हणतात. आमच्या घरातलं प्रत्येक माणूस ह्याच आसनावरून पुढं गेलेलं आहे.

"आता तोंडानं शू करा."

मी केलं.

"हळू! लेकरू हाय, म्हैस न्हाई."

माझा पुढचा एक दात पडलेला आहे. त्यामुळं माझ्या शूमध्ये हवा जास्त. "श्शूऽऽफ्" असा काहीतरी आवाज निघतो. पोरीनं मान वळवून माझ्या तोंडाकडं पाहिलं, खुदकन हसली, आणि माझ्या घोट्यावरून कोमट धार वाहत गेली. तुम्हाला म्हणून सांगतो, लग्नाचा पहिला सूट शिवून गिऱ्हाइकाच्या अंगात बरोबर बसला होता, तेव्हाही मी एवढा फुगलो नव्हतो.

पुढचं वर्ष मी राज्य केलं. म्हणजे राज्य तिचं, सिंहासन मी. उठल्याबरोबर एकदा, दूध प्याल्यावर एकदा, जेवल्यावर एकदा. दुकानातल्या उरलेल्या कापडाची लंगोटं शिवली. शाळेच्या गणवेशाच्या चौकड्यांची, नवरदेवाच्या कोटाच्या अस्तराची. आमची नात साटिनचं लंगोट घालून रांगायची. चालायला लागल्यावर तिनं स्वतःची खूण काढली. खेळता खेळता थबकायची, कुठंतरी लांब बघायची, मग येऊन माझ्या गळ्यातला टेप ओढायची. टेप ओढला की कात्री टाकायची आणि तिला उचलून मोरीकडं पळायचं. ह्या पळापळीत एका पँटीचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड कापला गेला. नेकनूरच्या त्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मास्तर, ह्यो पाय कावून वर चाललाय?" मी म्हणालो, "घाई झाली होती." कोणाला झाली होती, ते सांगितलं नाही.

एक घोटाळा मात्र झाला. संध्याकाळी मी तिला कडेवर घेऊन स्टँडवर बस दाखवायला न्यायचो. बस थांबली की ब्रेकची हवा सुटते, "श्शूऽऽफ्". बस थांबली, हवा सुटली, आणि माझा शर्ट भिजला. मला वाटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी बस येताना दिसली की पोरीला हात लांब करून पुढं धरायला लागलो. लोकांना वाटायचं, मी बसला हात दाखवतोय. दोन ड्रायव्हरांनी तर माझ्यासाठी स्टँडच्या अलीकडंच गाडी थांबवली.

घरी येऊन मी तणतणलो. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमीच शिकवलंय तिला. आता ड्रायव्हरवर कावून चिडता?"

नात पावणेदोन वर्षांची झाली आणि लेक न्यायला आली. दवाखान्याजवळ पाळणाघर मिळालं होतं. तिथल्या बाईंची एकच अट होती, लेकरू शी-शू सांगणारं पाहिजे. लेकीनं येताना बदकाच्या आकाराचं पिवळं प्लास्टिकचं भांडं आणलं होतं. नातीनं ते नीट न्याहाळलं, त्यात स्वतःच्या दोन चपला ठेवल्या, आणि येऊन माझा टेप ओढला.

मी विजयी मुद्रेनं मोरीत जाऊन बसलो. लेक दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "आबा, तुमी मला कधी बसवलं होतं का हो आसं?"

मी शूचा आवाज वाढवला.

निघायच्या दिवशी मी नवा शर्ट घातला होता. बस आली, थांबली, हवा सुटली. त्या दिवशी मी हात लांब केले नाहीत. उलट पोरीला आणखी जवळ धरलं. सगळा शर्ट भिजला. लेक म्हणाली, "अरे देवा, आबा!" आणि घाईघाईनं पोरीला माझ्याकडून घेतलं. घरी आल्यावर शर्ट बदलला नाही, अंगावरच वाळू दिला. बायकोनं पाहिलं. एरवी डोकं खाणारी बाई, त्या दिवशी तिनं पंखा माझ्याकडं वळवला.

दोन दिवसांनी सकाळी लेकीचा फोन. "आबा, ही बदकावर बसती, पर करीत न्हाई. तेवढं शू करा की."

बघा! अंबाजोगाईचं सरकार चौसाळ्याशिवाय अडलं होतं. मी फोन तोंडाशी धरला आणि छाती भरून शू केलं. पलीकडून आधी नातीचं खुदकन हसू आलं, मग बदकात पडणारी बारीक धार ऐकू आली. मग रोज सकाळी फोन. एकदा नेमकं तेच नेकनूरचं गिऱ्हाईक समोर हात वर करून उभं, मी छातीचं माप घेतोय, आणि फोन वाजला. मी टेप सोडून शू सुरू केलं. तो बिचारा पाय जुळवून म्हणाला, "मास्तर, बस करा, मलाच लागली!"

आता एक कबुली. लेकीची काढलेली रजा संपत आली होती, तिला त्या पाळणाघराची घाई होती, आणि मी मात्र सकाळी फोन हातात घेऊन मनात म्हणायचो, आज नको शिकू, उद्या शिक. एकदा लेक आनंदानं म्हणाली, "काल ती आपली आपण सांगायला आली." मी म्हणालो, "एकदा सांगितलं म्हणून काय झालं? फोन करीत जा, मोडू नको." एवढा लबाड मी कापड मोजतानाही कधी झालो नाही.

आणि मग फोन यायचा बंद झाला. पहिल्या दिवशी मी चार्जिंग बघितलं. दुसऱ्या दिवशी रेंज बघितली. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणालो, नातीचे दोन फ्रॉक शिवून पडलेत, देऊन येतो.

"फ्रॉक द्यायला चाललात का पाय द्यायला?" ती म्हणाली. "आन् गळ्यातला टेप तरी काढा."

काढला नाही. मुद्दाम ठेवला.

नात मला बघून धावत आली, मांडीवर चढली, नव्या फ्रॉकचा खिसा तपासला. मग खाली उतरून खेळायला लागली. खेळता खेळता थबकली. लांब कुठंतरी बघायला लागली. ती नजर मी हजारात ओळखतो! मी उठलो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलो आणि पाय पुढं घेतले. मधे चार बोटं जागा. तोंडाचा चंबू तयार.

नात आली. टेपकडं तिनं पाहिलंही नाही. माझ्या पावलांकडं मात्र पाहिलं, वाट अडवून बसलेल्या म्हाताऱ्या बैलाकडं बघावं तसं. मग तोल सांभाळायला माझ्या डोक्यावर हात ठेवला, एक पाय उचलला, दुसरा उचलला, आणि मला ओलांडून आत गेली. बदकावर बसली. मी शूचा नुसता श काढला, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. "आबा, गप!"

लेक स्वयंपाकघरातून बघत होती. आधी हसली. मग जवळ येऊन हात देत म्हणाली, "उठा आबा. पाय आखडतील. उद्यापासनं पाळणाघरात जाती ती." मी लेकीचा हात धरून उठलो. तिचा हात असा धरल्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. केजच्या पुढं डोळा लागला. नेकनूरच्या स्टँडवर बस थांबली आणि ब्रेकची हवा सुटली. श्शूऽऽफ्. झोपेतच माझे दोन्ही पाय पुढच्या सीटखाली ताडकन लांब झाले, एका बाईंची मेथीची पिशवी आडवी झाली, आणि कंडक्टरसकट सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडलो, "थांब गं माय, पाय तर पुढं घेऊ दे!"