पिवळ्या कव्हरातला आरोपी

आपल्याकडे पिवळं पुस्तक म्हटलं की शहाणा माणूस आधी दाराची कडी बघतो. इथे कोमाक्कियोत ते मांडीवर उघडं टाकून कालव्याकाठी बसतात, आमचे पाद्रीबाबासुद्धा. इटलीत पिवळी म्हणजे रहस्यकथा. पूर्वी त्या पिवळ्या कव्हरात यायच्या, तेव्हापासून नावच पडलं. प्रेमकथा ती गुलाबी. गुंडपुंडांची, शेवटी कुणाचंच भलं न होणारी, ती काळी. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा सासूबाईंनी भरल्या घरात विचारलं, "तुला पिवळी पुस्तकं आवडतात का गं?" मी खाली मान घालून नाही म्हटलं. त्या अजून शेजारणींना सांगतात, सून गुणाची आहे, पण खुनाचं नाव काढलं की लाजते.

देर्ना पिवळीची भक्त. पुलाजवळ तिचं केस कापायचं दुकान आहे. ती कापते, मी डोकी धुते. दुकानात मासिकं ठेवायची नाहीत, हा तिचा दंडक. नटनट्यांचे घटस्फोट वाचून बायका माना हलवतात आणि कात्री चुकते, असं तिचं म्हणणं. त्याऐवजी भिंतीवर एक फळी आहे आणि तिच्यावर पुस्तकं रंगाने लावलेली. पिवळी हाताशी, काळी खाली, भुताखेतांची एका कोपऱ्यात. गुलाबी पार वर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही अशी.

"ज्यांना कामधंदा नाही, त्यांना स्टूल चढायला वेळ असतो," देर्ना म्हणायची.

तिला खुनी पन्नासाव्या पानाच्या आत सापडतो. सापडला की ती पानाचा कोपरा दुमडते आणि निवांत पुढचं वाचते, तो कसा पळतो ते बघायला. हेच तिचं हत्यारही आहे. गिऱ्हाईक खुर्चीत चुळबुळ करायला लागलं की ती वाकून कानात म्हणते, "मान हलवलीस तर खुनी सांगेन." डोक्याला रंग फासलेली बाई उठून जाणार तरी कुठे? औषधाच्या दुकानातल्या झाइराबाई एकदा पाऊण तास देवळातल्या मूर्तीसारख्या बसल्या होत्या.

ऐन विशीत देर्नाचा ठरलेला नवरा बेल्जियमच्या खाणीत कामाला गेला आणि परत आला नाही. मेला नव्हता. मजेत होता, असंही पुढे कानावर आलं. का आला नाही ते मात्र त्याने कळवलं नाही. "त्यापेक्षा खून परवडला गं," ती मला एकदा म्हणाली. "कुणी केला, का केला, ते शेवटच्या पानावर छापलेलं तरी असतं." तेव्हापासून तिने गुलाबी पुस्तकाला हात लावला नव्हता. हे ती रडून सांगत नाही. विजेचं बिल जास्त आलं, अशा सुरात सांगते.

गावातला पुरुषांचा न्हावी वारला आणि शनिवारी दुपारी पुरुषही आमच्याकडे यायला लागले. त्यातला एक लेआर्को. विधुर, शांत, वाम माशांच्या तळ्यावर पाण्याची दारं उघडायची नि मिटायची ही त्याची जन्मभराची नोकरी. वाम येईपर्यंत बसून राहायचं, म्हणून वाचनाची सवय लागलेली. काखेत कायम पिवळं पुस्तक. बारमध्ये पत्ते कुटणारे त्याला त्यासाठी वचकून असत. त्याच्या डोक्यावर कापण्याजोगं फारसं नव्हतं, कानांवर दोन झुबके तेवढे, पण माणूस टापटिपीचा, दर पंधरवड्याला हजर.

"या गावात डोकं दोघांनाच आहे," देर्ना म्हणायची. "मला आणि लेआर्कोला."

एका शनिवारी तो पुस्तक आमच्या बाकावर विसरून गेला. मी त्याच्यामागे धावणार, तर देर्नाने ते आधीच पिशवीत टाकलं होतं. मंगळवारी देईन म्हणाली. रविवार, सोमवार दुकान बंद असतं.

रविवारी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात उभी. "साठ पानं झाली, अजून मढं नाही."

"असेल पुढे."

"असणारच. लेखक पक्का आहे, दाबून धरलंय त्याने. एक विधवा बाई आहे, तिची लिंबाची बाग. गावात नवा डॉक्टर येतो. बाई ठणठणीत, तरी हा सारखा तिच्याकडे जातो. नाडी बघतो, दोन लिंबं खिशात घालतो, निघतो. विष देतोय तिला."

"नाडी बघून?"

"लिंबं उगाच नेतो का तो? त्यातच काहीतरी आहे," असं म्हणून ती पानाचा कोपरा दुमडून गेली.

सोमवारी सकाळी आली तेव्हा डोळे लाल. मी घाबरले, कुणी गेलं की काय.

"लग्न झालं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"डॉक्टरचं नि तिचं. अडीचशे पानं मी मढ्याची वाट बघितली, आणि निघाली वरात." तिने ते पिवळं कव्हर ओढून काढलं. आत दुसरं कव्हर होतं, गुलाबी, त्यावर लिंबाची फांदी. वर पिवळा कागद नीट कापून, घड्या घालून चढवलेला. आपल्याकडे पिवळं लपवायला त्यावर भूगोलाचं कव्हर घालतात. इथे एका पुरुषाने गुलाबी लपवायला पिवळं घातलं होतं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग देर्नाचं हसणं एकदम थांबलं.

"हे बाहेर कळलं तर तो मेला," ती म्हणाली.

ते खरंच होतं. इथे टोपणनाव एकदा चिकटलं की पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही. मासेविक्या वानेसचे आजोबा स्वतःच्या लग्नात पेंगले, तर आजही वानेस 'झोपाळू' आहे. त्याचा बाप वारला तेव्हा भिंतीवर लागलेल्या मयताच्या कागदावरही नावापुढे कंसात 'झोपाळू' छापलं होतं, नाहीतर गावाला कळलं नसतं कोण गेलं ते. बारमध्ये हे कळलं असतं तर लेआर्को मरेपर्यंत 'गुलाबी' झाला असता आणि मेल्यावर भिंतीवरही. बायको गेल्यापासून त्या बारखेरीज त्या माणसाला दुसरं होतं काय!

"गुपचूप देऊन टाक," मी म्हटलं.

"देणारच. आधी पुन्हा वाचते. माझ्या हातून पुरावा सुटला. डॉक्टर खुनी नव्हता, तर मग सारखा कशाला येत होता, हे मला पन्नासाव्या पानाला कळायला हवं होतं."

मंगळवारी लेआर्कोच आला नाही; लाजेने तळ्यावरच बसून राहिला असणार. देर्ना मात्र स्टूल चढली. त्या आठवड्यात तिने वरची गुलाबी पुस्तकं एकामागून एक उतरवली आणि पंचनामा करावा तशी वाचली. "या बाईचा हातमोजा तिथे राहिला नाही, तिने ठेवलाय," ती केस धूत असलेल्या मला ओरडून सांगे. झाइराबाईंना तिने भुतांबद्दलही ऐकवलं, की भूत म्हणजे ज्या खुनाची चौकशी झाली नाही तो खून. झाइराबाई म्हणाल्या, "देर्ना, तुला ताप आहे का?" मला तिचा हेवा वाटला. साठी जवळ आलेली बाई, आणि तिला आख्खी नवी फळी सापडली होती.

शनिवारी लेआर्को आला. त्याचा पंधरवडा भरला नव्हता. दुकानात वानेस आणि आणखी दोघं बाकावर बसले होते. पुस्तक आरशापाशी ठेवलेलं, पिवळं कव्हर पुन्हा जागच्या जागी. लेआर्कोने ते बघितलं, देर्नाकडे बघितलं आणि खुर्चीत बसला. तिने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"लेआर्कोचं ना हे?" वानेसने उठून पुस्तक उचललं. "बघू तरी, यात किती मुडदे पाडलेत."

त्याचा अंगठा कव्हराच्या घडीत शिरला. कापडाखाली लेआर्कोने खुर्चीचे हात घट्ट धरलेले मला दिसले.

"ठेव ते खाली," देर्ना म्हणाली. "नाहीतर खुनी सांगेन."

"सांग की. मला कुठे वाचायचंय? मला वाचता वाचता झोप लागते."

बाकावरचे हसले. देर्नाची धमकी वाया गेलेली मी पहिल्यांदाच बघितली. तिने कात्री क्षणभर हवेत धरली.

"डॉक्टर," ती म्हणाली.

"अरेच्चा, लगेच?" वानेसचा अंगठा थांबला. "काय केलं त्याने?"

"एका बाईकडे जायचा. बाई धडधाकट. तपासण्यासारखं काही नाही, तरी जायचा. थोडा वेळ बसायचा, निघून यायचा."

"विष घालत असणार."

"मलाही तेच वाटलं. विष नव्हतं, सुरी नव्हती. नुसता गप्प बसायचा. वर्षानुवर्षं गप्प. त्यात ती बाई एकटी म्हातारी व्हायला आली. खून म्हणजे आणखी काय असतं, वानेस?"

वानेसने पुस्तक खाली ठेवलं, कारण डोकं खाजवायला हात मोकळा हवा होता. "मग पकडला कसा?"

"पुराव्यावरून. ज्याचं काम नाही तो पुन्हा पुन्हा यायला लागला, की समजावं." देर्नाने लेआर्कोच्या गुळगुळीत टाळूवर तळहात ठेवला. "आणि मी मोठी हुशार! पुरावा दर पंधरवड्याला माझ्या हाताखाली येत होता."

सगळ्यांनी त्या डोक्याकडे बघितलं. मी नळ बंद केला. देर्नाचा आवाज जरासा कापत होता, आणि तिचा आवाज कापलेला मी कधी ऐकला नव्हता.

"लेआर्को, गुन्हा कबूल आहे?"

लेआर्को आरशातून तिच्याकडे बघत राहिला. त्याचे कान आधी लाल झाले, मग सगळं डोकं. मग त्याने कापडाखालून हात काढला, पुस्तक उचललं आणि पिवळं कव्हर सगळ्यांसमोर स्वतःच उतरवलं.

"कबूल," तो म्हणाला. "हे आणि ते, दोन्ही."

वानेसचं तोंड उघडं ते उघडंच.

"मग शनिवारी यायचं बंद," देर्ना म्हणाली आणि कापडाची गाठ सोडली. "उद्या ये, जेवायला. वाम मी भाजेन. लिंबं तू आण."

तो उठला, गुलाबी पुस्तक तसंच उघड्यावर काखेत मारून पुलाकडे चालायला लागला. बारसमोरून जाणारा रस्ता तोच. वानेस टोपी घेऊन दारात धावला आणि आख्ख्या कालव्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे ए गुलाबी, टोपी राहिली तुझी!"

लेआर्को वळला. "आण इकडे," म्हणाला.