ठोंबरे काकांची गल्ली

किक-ऑफची शिट्टी झाली की ठोंबरे काका मैदानाच्या कडेला चक्क उकिडवे बसायचे. डोक्याला माकडटोपी, आणि आजूबाजूला कॉफीचे ग्लास धरून उभे असलेले उंचनिंच गोरे बाप. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, खुर्ची देऊ का?" तर म्हणाले, "उभं राहून बॉल दिसते, वहिनी. बसलं की गल्ल्या दिसतात."

ही अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातली, २००४ सालची गोष्ट. माझ्या दहा वर्षांच्या अमेयला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं होतं. ठोंबरे काका नागपूरचे, आमच्याच ऑफिसात प्रोग्रामर, कॉलेजात असताना खो-खोचे कप्तान. त्यांचा निखिल दोन आठवड्यांत टीम सोडून घरी बसला. पोरगं गेलं, बाप मात्र राहिला! हेड कोच डेव्हने त्यांच्याकडे स्पेशल टीम्स सोपवल्या. म्हणजे मुख्य अकरात जागा नसलेली पोरं. किक-ऑफला आपण बॉल लांब मारायचा, समोरचा तो झेलून आपल्या दिशेने पळत सुटणार, आणि या पोरांनी त्याला पाडायचं. अमेयला मैदानावर मिळायचा तो एवढाच वेळ.

पोरांची खोड अशी, की बॉल जिकडे, तिकडे सगळा घोळका. काकांनी त्यावर खो-खोचा उतारा काढला. "अबे पोट्टेहो, एकदा दिशा धरली की धरली! मैदानावर ज्याची त्याची सरळ गल्ली ठरलेली, ती सोडायची नाही. शेजारच्या गल्लीत काय चालू आहे, तुला काय करायचं बे?" झालं! टायलर, अमेय आणि मंडळी एका ओळीत उकिडवी बसून, पाठीवर 'खो' मिळाला की सुटायला लागली. बाकीच्या आया मला विचारायच्या, हा काय प्रकार? योगासारखंच काहीतरी असतं, म्हणून मी वेळ मारून न्यायचे.

मग ती मॅच आली. अमेय आपल्या गल्लीतून सरळ सुसाट गेला, बॉलवाल्याला गाठलं, त्याच्या पाठीला हात लावला आणि दोन्ही हात वर करून ऐटीत थांबला. गडी बाद! बॉलवाला पळतच राहिला, तो थेट शेवटच्या रेषेपार, टचडाउन करूनच थांबला.

"बट काका, आय टच्ड हिम!" अमेय रडवेला झाला.

काकांनी कपाळावर हात मारला. "पोट्टं बरोबर बोलून राहिलं. मीच शिवायचं शिकवलं, पाडायचं शिकवलंच नाही!"

डेव्ह लालबुंद झाला होता. पुन्हा असं झालं तर किक-ऑफलाही मुख्य अकराच उतरतील, ही पोरं बाकावर, असं त्याने बजावलं. त्या आठवड्यात काकांनी आपल्या बेसमेंटमध्ये गाद्या अंथरल्या, बॉल काखेत मारला आणि स्वतःच पळू लागले. "पाडा बे मले!" पोरांनी अगदी मनापासून पाडलं. काका ऑफिसात लंगडत यायचे. काकूंनी शेकायला पिशवी दिली आणि वर चार शब्दही ऐकवले.

पुढच्या मॅचला किक-ऑफ झाला, काका उकिडवे बसले. माझा जीव नुसता टांगणीला! बॉलवाला डावीकडे वळला, उजवीकडे वळला, पण प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी उभंच. शेवटी टायलरने त्याला आडवा केला. अमेय मात्र तोंड पाडून परत आला. "नथिंग केम माय वे, काका."

काकांनी त्याला कवेत घेतलं. "अबे येड्या, तुझ्या गल्लीत तो आला नाही, काहून? तू होतास म्हणून!"

डेव्हने लांबूनच अंगठा वर करून शाबासकी दिली. पोरं मैदानावर राहिली.

२००७ मध्ये काकांच्या व्हिसाची मुदत संपली. ग्रीन कार्ड काही आलंच नाही. एअरपोर्टला सोडायला मी व्हॅन घेऊन गेले, तर त्यांच्या ड्राइव्हवेवर ती सगळी पोरं. आता मिसरूड फुटलेली, पण ओळीने उकिडवी बसलेली. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे.

काकांनी बॅग खाली ठेवली. आपलं पोट सांभाळत ओळीच्या कडेने पळाले, अमेयच्या मागे थांबले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "खो!" अमेय उठला. त्याच्या जागेवर काका बसले.

"पळ ना बे," ते म्हणाले. "आता मी बसलो."

मला तर हुंदकाच आवरेना. आणि अमेय डोळे पुसत, दिशा न बदलता, रस्त्याच्या टोकापर्यंत सरळ पळत गेला.